धातूची झडप बसवल्यावर पालेभाजी बंद करावी का?

प्रश्न : आमच्या मालकांच्या हृदयातली मायट्रल झडप बदलून धातूची बसवली. रक्त पातळ ठेवणारी एसिट्रॉम गोळी चालू आहे. पालेभाजी पूर्ण बंद केली, तरी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा) कधी १.८, कधी ४.६ येतो. काय चुकतंय? – एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर : ताई, भाजी बंद नको, प्रमाण सारखं ठेवा. मेथी, शेपू, करडईच्या भाजीतलं ‘के’ जीवनसत्त्व गोळीचा जोर कमी करतं. हिवाळ्यात शेतातली भाजी रोज आणि उन्हाळ्यात महिनाभर नाही, अशानं आयएनआर हेलकावे खातो. आठवड्यात ठरलेले दोन-तीन दिवस, एकेक वाटी द्या.

मायट्रल जागी धातूची झडप असेल तर आयएनआर साधारण २.५ ते ३.५ हवा. १.८ इतका कमी आला तर झडपेत रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून तो आकडा हलक्यात घेऊ नका. गोळी विसरली तर त्याच दिवशी द्या. दुसऱ्या दिवशी दोन मुळीच नकोत.

४.६ च्या आधी जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल घेतलं होतं का, आठवून पाहा. त्यानं आयएनआर चढतो. अंगदुखीला डायक्लोफेनॅक नको, पॅरासिटामॉल चालतं, तेही डॉक्टरांना विचारून. कमरेत इंजेक्शन घेऊ नका, आत रक्त साकळतं. दात काढण्याआधी झडपेचं सांगा. आधी अँटिबायोटिक लागतं, पण एसिट्रॉम मनानं थांबवू नका.

काळी शौच, एकाएकी दम, बोलणं अडखळणं दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.