लव्हाळा उपटा, पण मुळाशी काय आहे ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात बंगल्यापुढे ४०० चौरस फूट 'सिलेक्शन वन' गवत, दोन वर्षांचं लॉन. मृगाचा पाऊस पडला आणि सगळीकडे लव्हाळ्याचं तण. उपटला की आठ दिवसांत दुप्पट. माळी म्हणतो, ग्लायफोसेट (तणनाशक) मारू, नाहीतर सगळं खणून गवताचे नवे रोल टाकू.

दोन्ही नको. ग्लायफोसेटला हरळी आणि लव्हाळा सारखेच, आणि सिलेक्शन वन म्हणजे बुटकी हरळीच. (शेतकरी जिला शिव्या घालतो ती आपण रोलने विकत घेतो, असो.) मी एकदा फक्त लव्हाळ्याच्या पातींना ब्रशने ते लावायचा उद्योग केला होता. दोन दिवस पाठ मोडून घेतली. तीन आठवड्यांनी लॉनवर ताटाएवढे पिवळे डाग, आणि त्या डागांत सगळ्यात आधी हिरवं झालं काय, तर लव्हाळाच.

आज एक काम करा. त्रिधारी दांड्याची एक काडी निवडा (बोटांत फिरवली की तीन कडा लागतात) आणि खुरप्याने वीतभर खोल, मातीसकट काढा. ढेकूळ बादलीत धुवा. हरभऱ्याएवढी काळपट गाठ दिसेल, तिला तारेसारखं मूळ, त्याला पुढची गाठ, अशी माळ. माझ्या एका ढेकळात सात निघाल्या होत्या. एक मोडून वास घ्या, दिवाळीच्या उटण्याचा येईल. नागरमोथा तो हाच.

प्रत्येक गाठीवर अनेक डोळे असतात. टोकाचा वाढतो तोवर बाकीचे दबून राहतात. तुम्ही वरून हिसका दिला की काडी तुटते, गाठ खालीच राहते आणि दबलेले डोळे फुटतात. तुमचं 'दुप्पट' तिथून येतं. फुटव्याला महिनाभर मोकळं सोडलं तर तो नव्या गाठी धरतो. म्हणून पावसाळ्यात दर दहा-बारा दिवसांनी, जमीन ओली असताना, खुरप्यानेच काढायचं. हाती लागेल ती गाठ घ्या. जी राहील तिला पुन्हा फुटायला साठवणीतलंच खर्चावं लागतं. पहिल्या वर्षी कंटाळा येईल. मला आला होता. काढलेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकू नका, फरशीवर कडक उन्हात खडखडीत वाळवा.

पण खरी मेख कापणीत आहे. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. तुमच्या फोटोत गवतातून माती दिसतेय, म्हणजे माळीदादा महिन्यातून एकदा येऊन हजामत करून जात असणार. मशीन दीड-दोन इंचांवर लावायला सांगा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला कापा, एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. गवत दाट झालं की नव्या कोंबाला ऊनच मिळत नाही.

उसात लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन वापरतात, कुणीतरी सुचवेलच. एकरी ३६ ग्रॅमचा हिशोब आहे, म्हणजे तुमच्या लॉनला ग्रॅमचा तिसरा हिस्सा. घरच्या काट्यावर ते मोजणार कसं? आणि हात सैल सुटला तर शेजारच्या कुंड्यांचं काय? टू-फोर-डी तर रुंद पानांच्या तणांसाठी असतं, त्याच्या उडालेल्या तुषारांनी टोमॅटो-पपईची पानं आखडतात. एवढ्याशा जागेला खुरपं पुरे.

बाकी ऋतू सोपे आहेत. भर पावसात खत नको, वाहून जातं. पाऊस ओसरला की एकदा २०० ग्रॅम युरिया कोरड्या वाळूत मिसळून फेका आणि लगेच पाणी द्या. ऑगस्ट-सप्टेंबरात कुठे गवत गालिच्यासारखं उचलून आलं तर खाली हुमणीची अळी बघा, मुळं तिनेच खाल्लेली असतात. थंडीत हरळी मरगळते, पिवळट दिसते, तिला छळू नका. पाणी एक-दोन दिवसाआड सकाळी, पण खोल द्या. रोज संध्याकाळी शिंपडत राहिलात की सावलीच्या कडेला आंबुशीचं तण आलंच म्हणून समजा. फेब्रुवारीच्या शेवटी दाताळ्याने वाळकं खरवडून काढा आणि चाळलेली माती नि पूर्ण कुजलेलं शेणखत पाव इंच पसरा.

ही माती मात्र पारखून घ्या. माझ्याकडे लव्हाळा आला तो लाल मातीच्या एका ट्रॉलीतून. आता मी आणलेल्या मातीतलं घमेलंभर ओलं करून पंधरा दिवस उन्हात ठेवते. तीन कडांची काडी निघाली तर माती परत. तुमचे रोल अंथरताना खाली जी भर टाकली होती ती कुठली, ते कळवा. आणि कुंपणाच्या कोपऱ्यात पावसाचं पाणी किती वेळ साचतं तेही.