रवणाला बसलेली कोंबडी खात नाही, काय करू?

वैशाख लागला की हा प्रश्न हमखास येतो. यंदा तो देवगडकडच्या एका काकींनी विचारला. "कोंबडी मरतली ओ माझी. चार दिस झाले, कायएक खाणा नाय." गावठी खुडूक कोंबडी, म्हणजे रवणाला, अंडी उबवायला बसलेली; खाली बारा अंडी, पडवीत डालग्यात बसवलेली. काकी तिची चोच उघडून दिवसातून तीनदा भिजवलेला भात भरवत होत्या. त्या झटापटीत दोन अंडी फुटली आणि बलक बाकीच्या अंड्यांना फासला गेला.

भरवणं आधी थांबवायला सांगितलं. खुडूक कोंबडीची भूक मुळातच मंदावते. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठायचं, दाणा-पाणी करायचं, मोठी उग्र वासाची विष्ठा टाकायची आणि परत बसायचं, एवढाच तिचा दिनक्रम. वजन थोडं उतरतं, तुराही फिका पडतो. एवढ्यावरून ती आजारी ठरत नाही.

"हात नेलात तर फुगून गुरगुरते का?" मी विचारलं. काकी म्हणाल्या, "नाय, गप पडान आसता." इथे मात्र मला शंका आली. खुडूक कोंबडी हात नेल्यावर चिडली नाही, तर भाताच्या वाटीपेक्षा तिच्या पिसांखाली आधी बघावं.

रात्री बॅटरी घेऊन डालगं तपासायला सांगितलं. लाल पिसवा दिवसा बांबूच्या विणीत दडतात आणि अंधार पडला की कोंबडीचं रक्त पितात. दिवसा शोधून त्या सहसा सापडत नाहीत. काकींनी विणीवरून पांढरं फडकं फिरवलं, तर त्यावर तांबडे डाग उमटले. मुलगा डासांचा फवारा मारायला निघाला होता, त्याला फोनवरच अडवलं. असलं औषध कोंबडीच्या अंगावर आणि अंड्यांवर मारायचं नसतं.

त्याच रात्री अंडी कोरड्या फडक्याने पुसून नव्या खोक्यात कोरड्या पेंढ्यावर ठेवली. धुतली नाहीत, कारण धुतल्यावर कवचावरचा संरक्षक थर जातो. कोंबडीही अंधारातच हलवली. दिवसा जागा बदलली तर ती बसणं सोडून देण्याची भीती असते. जुनं डालगं आणि पेंढा जाळून टाकला. मग रोज सकाळी काकी तिला दोन्ही हातांनी अलगद उचलून अंगणात ठेवू लागल्या. पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना, हे आधी बघायचं. जवळ गार पाणी, मूठभर भात आणि कणी, शेजारी चुलीची थंड राख मिसळलेली कोरडी माती, लोळायला. कोकणातल्या उकाड्यात पाण्याची चिंता दाण्याहून जास्त करावी.

तिसऱ्या दिवशी तिने काकींच्या बोटाला चोच मारली. काकींनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं, मला मात्र बरं वाटलं.

छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं हाताला लागलं, विष्ठा हिरवी-पातळ झाली किंवा मान वाकडी होऊ लागली, तर घरगुती उपाय करत बसू नका. मानमोडीची, म्हणजे राणीखेत या साथीच्या रोगाची, शंका घेऊन तिला बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळी करा आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

अंडी साधारण एकविसाव्या दिवशी फुटतात. तेविसाव्या दिवसानंतरही काहीच झालं नाही, तर अंडी काढून घ्या. नाहीतर ती तशीच बसून राहते आणि खंगत जाते.