'काढले असतील' आणि 'विल हॅव पिक्ड'

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदार ताईंचा प्रश्न आहे. परदेशातल्या खरेदीदाराला पाठवायच्या पत्रात त्यांनी लिहिलं, "वी विल पिक द फ्रूट बाय ट्वेन्टिएथ एप्रिल." कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याने ते बदलून "वी विल हॅव पिक्ड द फ्रूट" असं केलं. त्यावर भावाचं म्हणणं पडलं, की 'विल हॅव पिक्ड' म्हणजे 'काढले असतील'. हा तर नुसता अंदाज झाला, असं लिहिलं तर खरेदीदाराला वाटेल की यांची यांनाच खात्री नाही. मग भाचा बरोबर की भाऊ?

इंग्रजीपुरतं बोलायचं तर भाचा बरोबर आहे आणि ताईंचं मूळ वाक्यही चुकीचं नाही. पण या सगळ्यात मला मोलाची वाटते ती भावाची शंका. ती मराठी कानातून आली आहे आणि त्या कानाने मराठीपुरतं अगदी खरं ऐकलं आहे.

आपण हे रूप रोज कसं वापरतो ते पाहा. "दादा एव्हाना चिपळूणला पोचला असेल." "कोणीतरी बेडं उघडं टाकलं असेल, नाहीतर गुरं आत कशी आली?" "वर डोंगरात पाऊस झाला असेल, व्हाळाला पाणी आलंय." यातल्या एकाही वाक्यात भविष्य नाही. सगळा तर्क आहे आणि तोही घडून गेलेल्या गोष्टीबद्दलचा. शाळेच्या व्याकरणात याच रूपाला पूर्ण भविष्यकाळ म्हणतात. ते नाव चूक नाही, कारण "उद्या दहापर्यंत गाडी गेली असेल" हेही आपण म्हणतो. पण बोलण्यात त्याचं पहिलं काम तर्काचं, भविष्याचं नंतर. प्रथमपुरुषात तर हे लगेच कळतं. "मी फॉर्म भरला असेन" असं कोणी म्हणालं तर आपण विचारू, "म्हणजे? आठवत नाही का तुला?"

मग मराठी माणसाला भविष्याची खात्री द्यायची असते तेव्हा तो काय म्हणतो? "वीस तारखेपर्यंत आंबे काढून झालेले असतील." किंवा सरळ, "काढून होतील." 'झालेले' आलं की काम पुरं झाल्याचा अर्थ पुढे येतो आणि तर्क मागे पडतो. म्हणून 'विल हॅव पिक्ड' मनात मराठीत आणायचंच असेल तर 'काढले असतील' असं आणू नका, 'काढून झालेले असतील' असं आणा. भावाची निम्मी शंका तिथेच मिटेल.

उरलेली निम्मी इंग्रजीने मिटवायची. 'विल हॅव' आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप, या रचनेचं इंग्रजीतलं मुख्य काम म्हणजे पुढची एखादी वेळ धरायची आणि त्या वेळेपूर्वी काम पुरं झालेलं दाखवायचं. तर्कासाठीही इंग्रजी हीच रचना वापरते. "यू विल हॅव हर्ड द न्यूज" म्हणजे बातमी तुमच्या कानावर आलीच असेल. पण तिथे पुढची वेळ सांगितलेली नसते, आणि तो तर्कही आपल्या 'असेलच'च्या जवळचा, बऱ्यापैकी ठाम असतो. डळमळीत अंदाजासाठी इंग्रजी 'मे हॅव' वापरते. ताईंच्या वाक्यात 'बाय ट्वेन्टिएथ एप्रिल' स्पष्ट लिहिलेलं आहे, त्यामुळे खरेदीदार ते अंदाज म्हणून वाचणार नाही.

आता, ताईंचं वाक्यही बरोबर आणि भाच्याचंही, तर मग हा काळ हवाच कशाला? 'बाय' असलं की दोन्ही वाक्यांतला फरक बारीक असतो. 'विल पिक' काढणीकडे पाहतं, 'विल हॅव पिक्ड' काढणी उरकल्यानंतरच्या स्थितीकडे. पण 'बाय' काढून 'व्हेन' घाला, की अर्थ पार बदलतो. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला मालवणच्या धक्क्यावरून होड्या सुटतात. पाहुण्याला सांगितलं, "व्हेन यू रीच मालवण, द लास्ट बोट विल लीव्ह", तर तो समजेल की होडी आपल्यासाठी थांबणार आणि आपण पोचलो की सुटणार. "द लास्ट बोट विल हॅव लेफ्ट" म्हटलं तर त्याला कळेल की धावपळ करून उपयोग नाही, उद्या सकाळीच यायचं. 'सुटेल' आणि 'सुटलेली असेल' यात आपणही हाच फरक करतो, त्यामुळे हा काळ मराठी माणसाला परका मुळीच नाही.

खरी अडचण 'पर्यंत' या शब्दात आहे आणि माझ्या मते पत्रातला सगळ्यात मोठा धोका तोच. "दुकान पाचपर्यंत उघडं असतं" आणि "पाचपर्यंत पेट्या भरून होतील", दोन्हीकडे आपला 'पर्यंत' एकच. पहिल्यात गोष्ट पाचपर्यंत चालू राहते, दुसऱ्यात ती पाच वाजायच्या आत उरकते. मराठीत हा निवाडा क्रियापद करतं. इंग्रजीत त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, चालू राहण्याला 'टिल' आणि उरकण्याला 'बाय'. ताईंनी चुकून "वी विल पिक द फ्रूट टिल ट्वेन्टिएथ एप्रिल" लिहिलं असतं तर वाक्य व्याकरणात बसलं असतं, पण अर्थ झाला असता की वीस तारखेपर्यंत तोड चालेल आणि मग बंद. खरेदीदाराने त्यानंतरची मागणी दुसरीकडे वळवली असती. आणि "विल हॅव पिक्ड टिल" तर जमतच नाही.

यावर एक पारख सांगते. 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' घालून पाहा. "पाचच्या आत पेट्या भरून होतील", वाक्य उभं राहतं, म्हणून 'बाय'. "दुकान पाचच्या आत उघडं असतं", हे कानाला खटकतं, म्हणून 'टिल'. एवढंच लक्षात ठेवायचं की 'बाय ट्वेन्टिएथ'मध्ये वीस तारीखही धरलेली असते. नकारात मात्र दोन्ही शब्द चालतात आणि अर्थ वेगळे होतात. "वी वोन्ट हॅव फिनिश्ड बाय ट्वेन्टिएथ" म्हणजे वीस तारखेला काम शिल्लक असेल, "वी वोन्ट फिनिश टिल ट्वेन्टिएथ" म्हणजे वीस उजाडेपर्यंत ते संपायचं नाही.

दुसरी नेहमीची चूक 'तोवर'ची. "तुम्ही याल तोवर" यातल्या 'याल'मुळे आपण "बाय द टाइम यू विल कम" लिहून बसतो. इंग्रजीत त्या तुकड्यात 'विल' येत नाही, साधा वर्तमानकाळ येतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्यावरून वाक्य करू: "बाय द टाइम द बॅन एंड्स, द बोट्स विल हॅव बीन अशोर फॉर सिक्स्टी-वन डेज." 'विल एंड' नाही, 'एंड्स'. आणि कर्ता कोणीही असो, 'विल'च्या पुढे 'हॅव'च. 'ही विल हॅज गॉन' हे रूप इंग्रजीत नाही.

किती काळ चाललं ते सांगायचं तर 'विल हॅव बीन' आणि 'इंग'चं रूप. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. तेव्हा "बाय जानेवारी २०२८, ट्रेन्स विल हॅव बीन रनिंग ऑन धिस लाइन फॉर थर्टी इयर्स." मराठीत हे थेट उतरवायला गेलं की वाक्य अडखळतं. आपण वर्षांनाच कर्ता करतो आणि म्हणतो, "गाड्या धावायला लागून तीस वर्षं झालेली असतील." ही मराठीची स्वतःची वाट आहे आणि मला ती फार आवडते. 'हॅव', 'नो', 'ओन' अशी स्थिती सांगणारी क्रियापदं मात्र या अर्थाने 'इंग' घेत नाहीत. कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते ऑक्टोबर २०१८ मध्ये. म्हणून "बाय ऑक्टोबर २०२८, हापूस विल हॅव हॅड द टॅग फॉर टेन इयर्स." 'हॅव हॅड' विचित्र दिसतं खरं, पण शुद्ध आहे.

व्यापाराच्या पत्रात सर्वांत जास्त कामाला येईल तो कर्मणी प्रयोग, कारण आंबा कोणी काढला यात खरेदीदाराला रस नसतो. "द फ्रूट विल हॅव बीन पॅक्ड", माल भरून झालेला असेल. इथे 'पॅक्ड'ऐवजी 'पॅकिंग' पडलं तर आंबेच पेट्या भरत बसल्याचा अर्थ होतो, तेवढं जपा.

आता तुमच्या पत्राबद्दल, ताई. नुसती तारीख कळवायची असेल तर यातलं काहीच नको. "द फ्रूट विल बी रेडी बाय ट्वेन्टिएथ एप्रिल" पुरे. जिथे तिथे 'विल हॅव' घातलं की पत्र पुस्तकी वाटतं. पण खरेदीदाराची गाडी किंवा तपासणारा माणूस येणार असेल आणि त्याआधी तुमचं काम उरकलेलं असणार हे त्याला कळायला हवं असेल, तर भाच्याचं ऐका आणि असं लिहा: "बाय द टाइम युवर ट्रक अराइव्ह्ज ऑन ट्वेन्टी-फर्स्ट एप्रिल, वी विल हॅव पिक्ड अँड सॉर्टेड ऑल द फ्रूट, अँड द बॉक्सेस विल हॅव बीन सील्ड." आणि भावाला हे वाचून दाखवताना मराठीत सांगा, "गाडी येईल तोवर आंबे काढून, निवडून झालेले असतील आणि पेट्याही बंद करून झालेल्या असतील."