वाचकांचे प्रश्न: तिशीतली मर्सिडीज सांभाळताना

भारतात जोडणी झालेली पहिली मर्सिडीज मोटार म्हणजे १९९५ साली पुण्यात तयार होऊ लागलेली ‘डब्ल्यू १२४’ (हे मॉडेलचं सांकेतिक नाव). पेट्रोलवरची ई २२० आणि डिझेलवरची ई २५० डी. या गाड्या आता तिशीत आहेत आणि अजून बऱ्याच रस्त्यावर आहेत. नव्या छोट्या गाडीपेक्षा कितीतरी कमी पैशांत मिळतात, म्हणून तरुण वाचकही त्यांच्याकडे वळत आहेत. या वेळी आलेली बहुतेक पत्रं याच गाडीबद्दल होती. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न: १९९५ची ई २२० बघून ठेवली आहे. एकच मालक, १ लाख ४० हजार किलोमीटर, रंग सुरेख. मेकॅनिकने इंजिन ऐकून ‘एकदम मख्खन’ म्हटलं. घ्यावी का? (नाशिक)

या गाडीत किलोमीटरपेक्षा वय महत्त्वाचं. इंजिनाचं लोखंड तीन लाख किलोमीटर सहज जातं. जातात त्या वायरी, रबरं आणि प्लॅस्टिक. म्हणून इंजिन ऐकण्याआधी वायरिंग बघा.

साधारण १९९२ ते १९९५ या काळातल्या गाड्यांच्या इंजिन हार्नेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वायरींच्या जुडग्यात, वायरींवरचं आवरण असं वापरलं होतं, की इंजिनाच्या उष्णतेने ते काही वर्षांत कडक होऊन गळून पडतं. तपासणी दहा मिनिटांची आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. इंजिनावरचं प्लॅस्टिकचं झाकण काढा. एका इंजेक्टरचा प्लग सोडवा, त्याच्या मागची रबरी टोपी दोन-तीन सेंटिमीटर मागे सरकवा आणि आतली वायर बोटाने हलकेच वाकवा. आवरण लवचिक असेल तर ठीक. भाजलेल्या पापडासारखे तुकडे पडले आणि तांबं दिसलं, तर तो हार्नेस संपला. थ्रॉटल अॅक्च्युएटरच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) स्वतःच्या वायरींचंही हेच होतं, तिथेही बघा. तो भाग महाग आहे.

हे इतकं ताणून सांगण्याचं कारण असं, की उघड्या वायरी एकमेकींना टेकल्या की आधी आयडलिंग बिघडतं, मग एखादा सिलिंडर सुटतो आणि शेवटी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, जळतो. हार्नेसचा खर्च वेळेवर केला तर ईसीयू वाचतो. वरून टेप गुंडाळून देणाऱ्याला नको म्हणा, कारण आतल्या जुडग्यातही तीच वायर असते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा कटिंगचा, म्हणजे तोडलेल्या जुन्या गाडीतला, हार्नेसही घेऊ नका, तोही त्याच वयाचा असतो. हार्नेसवर बनवल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी असते. ती १९९६ नंतरची असेल तर आधीच्या मालकाने काम करून घेतलं आहे, आणि अशा गाडीला थोडे जास्त पैसे दिले तरी फायद्यात राहाल.

मग रेडिएटर. वरचा पाइप जिथे बसतो ते प्लॅस्टिकचं तोंड वयाने ठिसूळ होतं आणि घाटात तुटलं की कूलंट क्षणात रस्त्यावर. तापलेल्या इंजिनाचं हेड वाकतं, आणि मग गाडीच्या किमतीएवढं काम निघतं. गाडी घेतल्या-घेतल्या रेडिएटर, सगळे होज, थर्मोस्टॅट आणि कूलंट एकत्र बदला. कूलंट निम्मं, डिस्टिल्ड वॉटर निम्मं. नळाचं किंवा बोअरचं पाणी अजिबात नको.

खालून बघताना जॅक लावण्याच्या चारही जागांचे रबरी बूच काढून आत बोट घाला. ओली माती आणि पापुद्रे हाताला लागले तर आतून गंज आहे. बॅटरीखालची ताटली आणि मागच्या काचेचे खालचे कोपरेही बघा. प्रोपेलर शाफ्टवर दोन रबरी डिस्क असतात, एक गिअरबॉक्सजवळ, एक डिफरन्शियलजवळ. बोल्टांच्या भोकांपासून भेगा निघाल्या असतील तर दोन्ही बदला, सेल्फ-लॉकिंग नट नवे घ्या. हेडच्या पुढच्या टोकाला, टायमिंग कव्हरच्या सांध्यावर ऑइलचा ओघळ बहुतेक गाड्यांत दिसेल. त्याने घाबरू नका, पण भाव करताना तो दाखवा.

टायरचा साइज १९५/६५ आर १५, सहज मिळतो. टायरवर ‘DOT’ या अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी शाबूत असली तरी सात-आठ वर्षांपूर्वीचे टायर काढून टाका.

रंग सुरेख आहे म्हणून पैसे वाढवून देऊ नका. तो सगळ्यात शेवटी बघायचा.

प्रश्न: माझी ई २५० डी चावी बंद केल्यावरही चालूच राहते, पाच-दहा सेकंदांनी थांबते. सेंट्रल लॉकिंगही मेलं आहे. मेकॅनिक म्हणतो दोन्ही एकाच व्हॅक्युमचं काम आहे. (कोल्हापूर)

याआधीच्या ‘डब्ल्यू १२३’ मॉडेलमध्ये तसं होतं, इंजिनाने हवा ओढून केलेल्या पोकळीवर, म्हणजे व्हॅक्युमवर, दोन्ही चालायचं. तुमच्या गाडीत सेंट्रल लॉकिंगला मागच्या सीटखाली स्वतंत्र इलेक्ट्रिक पंप आहे, त्यामुळे या दोन बिघाडांचा एकमेकांशी संबंध नाही. लॉकिंगसाठी आधी फ्यूज बघा, मग कान लावा. लॉक करताना पंप काही सेकंद गुरगुरतो आणि थांबतो. गुरगुरत राहिला तर कुठल्या तरी दाराच्या रबरी सांध्यातून हवा जाते आहे. मुळीच आवाज नसेल तर पंपाला वीज येत नाही किंवा पंप गेला.

इंजिन बंद होतं ते इंजेक्शन पंपाच्या (इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपाच्या) मागच्या व्हॅक्युम डबीमुळे. चावी बंद केली की चावीच्या व्हॉल्व्हमधून व्हॅक्युम त्या डबीपर्यंत जातो आणि ती डिझेल तोडते. डबीवरचा पाइप काढून हाताचा व्हॅक्युम पंप लावा. व्हॅक्युम टिकत नसेल तर डबीतला पडदा फाटला. पाइपात ऑइल दिसलं तर खात्रीच. डबी ठीक असेल तर मागे-मागे जात एकेक रबरी सांधा तपासा. हे सांधे स्वस्त आहेत. एकदाच सगळे बदला, नाहीतर दर महिन्याला एक हवा सोडेल. डबी बदलेपर्यंत इंजिन बंद करायला बॉनेटखालचा ‘स्टॉप’ लिहिलेला दांडा दाबता येतो.

तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट याहून तातडीची आहे. या इंजिनाच्या पुढच्या तोंडावर जो व्हॅक्युम पंप आहे, त्याच्या जुन्या घडणीतलं बेअरिंग फुटतं. त्याचे तुकडे टायमिंग चेनमध्ये गेले की इंजिन जागेवर संपतं. ब्रेकचा पेडल अधूनमधून कडक होणं किंवा इंजिनाच्या पुढून टकटक ऐकू येणं ही खूण. पंप कधी बदलला याची नोंद नसेल तर सुधारित घडणीचा पंप आताच बसवून घ्या. या गाडीवर या वर्षी एकच काम करणार असाल तर हेच करा.

प्रश्न: सिग्नलवरून ऑटोमॅटिक ई २२० जड निघते, आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना इंजिन क्षणभर ओरडतं. गिअरबॉक्स ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्त) करायला सांगितलं आहे. (दादर)

जड निघणं हा दोष नाही. हा चार गतींचा गिअरबॉक्स मुद्दामच दुसऱ्या गिअरमध्ये निघतो. ॲक्सिलरेटर जोरात दाबला तरच पहिला घेतो. पुढचं ओरडणं मात्र तपासायला हवं, पण ओव्हरहॉल ही शेवटची पायरी.

आधी पातळी. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून गरम करा, सपाट जागेवर लावा, इंजिन चालू, गिअर ‘पी’मध्ये. डिपस्टिक धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. खालच्या आणि वरच्या खुणेत फक्त ०.३ लिटरचा फरक आहे, म्हणून ओतताना घाई नको. ऑइल तांबडं आणि पारदर्शक हवं. तपकिरी, जळकट वासाचं असेल तर क्लच प्लेटा झिजल्या आहेत.

त्यानंतर पातळी कमी निघाली पण खाली थेंबही पडत नाही, तर गिअरबॉक्सच्या बाजूला असलेल्या मॉड्युलेटरचा (गिअर बदलण्याचा जोर ठरवणाऱ्या डबीचा) व्हॅक्युम पाइप काढून बघा. आत तांबडं ऑइल असेल तर त्याचा पडदा फाटला आहे आणि इंजिन ते ऑइल पिऊन टाकत आहे. हा छोटा भाग बदलून पुष्कळ गिअरबॉक्स वाचतात.

ऑइल बदलताना पॅन आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलमधून जोडणारा भाग) दोन्ही रिकामे करा. कन्व्हर्टरला स्वतःचा बूच आहे, इंजिन हाताने फिरवलं की तो जाळीतून दिसतो. बरेच जण तो सोडून देतात आणि निम्मं जुनं ऑइल आतच राहतं. ५ मिलिमीटरचा ॲलन पाना लागतो. घट्ट करताना १४ न्यूटन-मीटरच्या पुढे जाऊ नका. नवं फिल्टर, नवी गॅस्केट. आधी ४ लिटर ओता, इंजिन चालू करा, मग उरलेलं थोडं-थोडं. एकूण साधारण ६ लिटर जाईल.

प्रश्न: हायवेवर एसी गार, सिग्नलला गरम. गॅस दोनदा भरला. (नागपूर)

गॅस भरत राहू नका. थांबल्यावर कंडेन्सरवर हवा येत नाही. पुढचे इलेक्ट्रिक पंखे दोन वेगांत फिरतात आणि कमी वेग एका रेझिस्टरमधून येतो. तो जळतो, मग पंखे फक्त इंजिन फार तापल्यावर पूर्ण वेगाने लागतात. एसीच्या ड्रायरवर (गॅसमधला ओलावा शोषणाऱ्या डबीवर) पंख्याचा प्रेशर स्विच आहे. त्याचा प्लग काढून दोन टोकं तारेने जोडा, चावी चालू ठेवा. पंखे हळू फिरायला हवेत. नाही फिरले तर रेझिस्टर तपासा. पंखे आणि रेझिस्टर ठीक असतील तर इंजिनावरच्या पंख्याचा व्हिस्कस क्लच (पंखा इंजिनाला जोडणारा भाग) बघा.

कूलिंग कॉइल गळत असेल तर ते वेगळं आणि मोठं काम आहे, पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. उतरवलाच तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, ड्रायर, सगळे ओ-रिंग आणि ब्लोअर एकाच वेळी करून घ्या.

प्रश्न: भाऊ म्हणतो, या खर्चात नवी गाडी येईल. या गाडीत खर्चाशिवाय काय आहे? (सातारा)

पावसात चालवून दाखवा त्याला. एकच वायपर आहे, पण तो फिरताना लांब-आखूड होत कोपऱ्यापर्यंत पोहोचतो आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. त्याच्या मधल्या गिअरला वर्षातून एकदा ग्रीस द्या, नाहीतर तो कुरकुरतो. सीटमध्ये पोलादी स्प्रिंगा आहेत, त्यामुळे सातारा-मुंबई करून उतरलं तरी पाठ मोकळी असते. पुढची चाकं इतकी वळतात की पेठेतल्या बोळातही गाडी वळवता येते. दार लावल्यावर तिजोरी बंद झाल्यासारखा दबका आवाज येतो. मागचं सस्पेन्शन प्रत्येक चाकाला पाच दांड्यांनी धरतं. बुश नवे असतील तर खराब रस्त्यावर ही गाडी आजच्या कित्येक गाड्यांपेक्षा शांत चालते. नव्या गाडीच्या किमतीतला निम्मा पैसा बाजूला ठेवून ही घेतली, तर आयुष्यभराची सोबत मिळते. हातात काहीच न ठेवता घेतली तर भावाचं बरोबर आहे.

प्रश्न: १९९६च्या गाडीची आरसी संपत आली आहे. व्हिंटेजमध्ये नोंदवता येईल का? (ठाणे)

नाही. व्हिंटेजसाठी पहिल्या नोंदणीला ५० वर्षं व्हायला हवीत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरा. विमा आणि पीयूसी चालू हवेत, पर्यावरण कर भरलेला हवा, आणि गाडी तपासणीला न्यावी लागते. २० वर्षांपुढच्या मोटारीचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये आहे. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये जादा. चासी नंबर इंजिनामागच्या पत्र्यावर ठोकलेला आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी तो कपड्याने पुसून वाचता येतो ना, ते बघा. त्यावर रंग किंवा ग्रीस असलं की परत पाठवतात.

प्रश्न: गाडी महिन्यातून दोनदाच निघते. पावसाळ्यात काय करावं? (रत्नागिरी)

काचेखालच्या जाळीतली पानं काढा. तिथलं पाणी तुंबलं की ब्लोअरमध्ये आणि पायाखालच्या गालिच्यात उतरतं. सनरूफ असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांच्या नळ्यांत थोडं-थोडं पाणी ओतून ते खाली पडतं का बघा. अडलं तर बारीक नायलॉनची तार घाला, हवेचा जोर देऊ नका, नळी आतच सुटते.

पेट्रोलची गाडी असेल तर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं आणि जुनी रबरं फुगवतं. टाकी भरलेली ठेवा आणि इंधनाचे सगळे रबरी होज इथेनॉल चालणाऱ्या दर्जाचे बसवा. ब्रेक ऑइल डॉट ४, दर दोन वर्षांनी. गाडी काढाल तेव्हा नुसती जागेवर चालू ठेवू नका. निदान २० किलोमीटर फिरवा, एसी लावून, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलना ऑइल मिळेल. परत आल्यावर हँडब्रेक न ओढता चाकाला लाकडी ठोकळा लावा. समुद्राच्या हवेत हँडब्रेकचे शू ड्रमला चिकटतात.