पंगतीच्या पुऱ्या गाईला का बाधल्या?

आपण लिहिले आहे की इंदूरकडील राऊजवळच्या आपल्या गोठ्यातील गाईला लग्नात उरलेल्या पुऱ्या, भात आणि बुंदी टोपलीभर घातली. दुसऱ्या दिवशी तिने रवंथ करणे थांबवले, शेण पातळ व आंबट वासाचे झाले, आणि डॉक्टरांनी उपचार करून ‘पोटात आम्ल वाढले’ एवढेच सांगितले. सुक्या भुशापेक्षा कितीतरी कसदार असलेले अन्न गाईला का बाधावे, हा आपला प्रश्न अगदी रास्त आहे.

याचे उत्तर असे की, गाय जे खाते ते तिच्याआधी दुसरेच कोणीतरी खात असते. तिच्या पोटाचे चार कप्पे आहेत: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि चौथे, आपल्या जठरासारखे आम्ल पाझरणारे खरे पोट. मोठ्या गाईच्या कोटीपोटात 100 ते 150 लिटर, कधी त्याहूनही अधिक ऐवज मावतो आणि त्याच्या प्रत्येक थेंबात कोट्यवधी जिवाणू असतात. भुशातील तंतू पचविणारे विकर (एन्झाइम) गाईच्या शरीरात तयार होत नाही. ते या जिवाणूंकडे असते. जिवाणू हे तंतू आंबवून ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले तयार करतात, आणि कोटीपोटाच्या अस्तरावरील बारीक जिभल्यांसारख्या उंचवट्यांतून ती थेट रक्तात शोषली जातात. गाईला मिळणाऱ्या ऊर्जेचा सुमारे दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग याच आम्लांतून येतो. ॲसेटिक आम्लापासून दुधातील स्निग्धांश बनतो, तर प्रोपिऑनिकपासून यकृत साखर तयार करते. तेव्हा आम्ल हे गाईचे रोजचे अन्नच आहे. बिघाड होतो तो ते तयार होण्याच्या वेगामुळे.

भुसा, ज्याला इकडे माळव्यात सुकला म्हणतात, सावकाश आंबतो. मैदा, तांदूळ आणि साखर मात्र काही तासांत आंबतात. ओळख नसलेला इतका पिष्टमय माल एकदम आला की तंतू पचविणारे जिवाणू मागे पडतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे बेसुमार वाढतात. हे आम्ल इतर तिघांपेक्षा पुष्कळच तीव्र असते. एरवी 6 ते 7 च्या दरम्यान असणारा कोटीपोटाचा सामू (pH, जो जितका कमी तितके आम्ल जास्त) 5.5 च्या खाली, गंभीर प्रसंगी 5 च्याही खाली जातो. कोटीपोटाची हालचाल मंदावते, आतील द्रव दाट झाल्यामुळे शरीरातील पाणी तिकडे ओढले जाते, आणि म्हणूनच पोट डबडबलेले असूनही गाय आतून कोरडी पडते. त्यात पुऱ्यांचे तेल तंतूंवर बसते, तेही त्या जिवाणूंना अपायकारकच.

दुसरे कारण लाळेचे आहे. गाय दिवसाला 100 लिटरहून अधिक लाळ गिळते आणि त्या लाळेत खायच्या सोड्याचाच घटक असतो, जो आम्ल मारतो. पण लाळ सुटते ती चघळण्याने. चांगला लांब चारा खाणारी गाय दिवसातून सहा ते आठ तास रवंथ करीत असते. पुरीला चघळायचे असे काय आहे? एका पोळ्याला आमच्या घरी कौतुकाने बैलाला परातभर पुरणपोळ्या चारल्या होत्या, तेव्हा त्यानेही दोन दिवस चाऱ्याला तोंड लावले नव्हते. गोग्रास म्हणजे घास, परात नव्हे, हे आजी आधीच सांगत होती.

प्रथिनांचे गणितही असेच आडवळणाचे आहे. सोयाबीनची किंवा कपास्या खळ, म्हणजे सरकीची पेंड घातली की तिच्यातील बरीचशी प्रथिने जिवाणू मोडतात आणि त्यांतून स्वतःचे शरीर बांधतात. पुढे ते जिवाणू चाऱ्याबरोबर वाहत चौथ्या पोटात येतात आणि तेथे व लहान आतड्यात गाय त्यांनाच पचवते. नुसती पेंड वाढवून दूध वाढत नाही, ते बहुधा यामुळेच: जिवाणूंना बांधकामासाठी चाऱ्यातून ऊर्जाही मिळावी लागते, नाहीतर जास्तीचा अमोनिया युरिया होऊन बराचसा मूत्रावाटे निघून जातो.

आता काही दिवस खुराक बंद ठेवून लांब सुका चारा आणि भरपूर पाणी द्या. सोडा किती द्यायचा हे डॉक्टरांनाच विचारा. पुढे खुराक 10 ते 14 दिवसांत थोडाथोडा वाढवावा. डाव्या कुशीतील खळग्यावर मूठ दाबून धरली तर मिनिटाला एक-दोन वेळा आतून हाताला उचल जाणवली पाहिजे. रवंथ करताना एका घासाला ती 50-60 वेळा चघळू लागली की गाडी रुळावर आली असे समजा. मात्र पुढील काही आठवडे तिच्या खुरांकडे लक्ष असू द्या, कारण अशा प्रसंगानंतर खुरांना सूज येऊन जनावर लंगडू शकते. तशी शंका आली तर महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला दूर नाही.

दीड महिन्याच्या वासराला तेच उरलेले अन्न चालेल का, असेही आपण विचारले आहे. त्याला तर मुळीच देऊ नये. वासरू दूध पिते तेव्हा अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ मिटते आणि दूध कोटीपोट टाळून थेट चौथ्या पोटात जाते. त्याचे कोटीपोट अजून लहान आणि अर्धेकच्चे असते. दुधाबरोबर वासरांचा खुराक मूठमूठ आणि थोडा कोवळा, सुकवलेला चारा समोर ठेवा. आतील उंचवटे त्या आंबण्यातूनच वाढतात.