नागपूर ते मुंबई विमानाने किती अंतर आहे आणि किती वेळ लागतो?

सरळ रेषेत सुमारे ६८० किलोमीटर, आणि तिकिटावर साधारण दीड तास. प्रत्यक्ष हवेत त्याहून कमी वेळ जातो. तिकिटावरची वेळ विमान सोनेगावला (नागपूरच्या विमानतळावर) जागेवरून हललं की सुरू होते आणि मुंबईत जागेवर थांबलं की संपते. नेटवर दिसणारे ७०१ किलोमीटर समृद्धी महामार्गाचे आणि ८३७ रेल्वेचे, त्यात गल्लत करू नका. एक मात्र लक्षात ठेवा: मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. गर्दीच्या वेळी विमान वरच घिरट्या घालत राहतं. पुढचं विमान पकडायचं असेल तर मध्ये किमान तीन तास ठेवाच.