दोन विमान कंपन्यांचा एलिट दर्जा: सुरुवात कशी करावी

आपण विमान कंपन्यांच्या दोन फ्रिक्वेंट फ्लायर कार्यक्रमांत, म्हणजे प्रवासासाठी गुण देणाऱ्या सदस्य योजनांत, एलिट दर्जा (पुरेसे गुण जमल्यावर मिळणारे खास लाभांचे सदस्यत्व) मिळवण्याचा विचार करत आहात, हे उत्तमच. मात्र पहिला दर्जा पक्का होईपर्यंत दुसऱ्याकडे वळू नये, असे मी आग्रहाने सांगेन. एका उड्डाणाचे गुण एकाच कार्यक्रमात जमा होतात, त्यामुळे प्रवास दोन ठिकाणी विभागणारे बहुतेक नवे सदस्य दोन्हीकडे पात्रतेच्या अलीकडेच अडकतात.

दुसरा कार्यक्रम वेगळ्या आघाडीतला, म्हणजे एकमेकींच्या सदस्यांना लाभ देणाऱ्या विमान कंपन्यांच्या वेगळ्या गटातला, निवडावा. स्टार अलायन्स गोल्ड, वनवर्ल्ड सफायर आणि स्कायटीम एलिट प्लस या दर्जांचे लाउंज, जादा सामान आणि प्राधान्याने चेक-इन हे लाभ त्या-त्या आघाडीतील इतर कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरही सामान्यतः मिळतात. म्हणून एकाच आघाडीत दोन दर्जे बाळगल्याने हाती फारसे नवे काही लागत नाही. गोल्डच्या खालच्या स्टार अलायन्स सिल्व्हर दर्जावर मात्र थांबू नका, कारण त्यात आघाडीभर लाउंज मिळत नाही.

सुरुवातीला एवढे सांभाळा:

- तिकीट काढण्यापूर्वी भाड्याचा वर्ग तपासा. स्वस्त वर्गांना भागीदार कंपनीच्या कार्यक्रमात कधी कधी शून्य गुण मिळतात.
- पात्रतेचे वर्ष जानेवारीपासून मोजतात की सदस्यत्वाच्या तारखेपासून, हे दोन्हीकडे पाहा.
- गुण खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास जपून ठेवा.

स्टेटस मॅचची, म्हणजे एका कंपनीतील दर्जा दाखवून दुसरीकडे तसाच दर्जा मागण्याची, घाई करू नका. ही संधी बऱ्याच ठिकाणी एकदाच मिळते आणि तिची मुदतही मर्यादित असते, त्यामुळे त्या दुसऱ्या कंपनीने भरपूर प्रवास होणार हे नक्की झाल्यावरच अर्ज करा.